मदत हवी आहे: १७७३ चा नकाशा आजच्या नकाशावर बसतच नाही (तातडीचं)

ओलसर_उन्हाळा
लोकहो, वैतागलोय. रविवारी मंडळाच्या मुलांना घेऊन गावात इतिहासफेरी आहे आणि माझ्या गळ्यात पडलंय जुना नकाशा दाखवायचं काम. स्कॅन उतरवून घेतला, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, दोन पिना मारल्या (जुन्या आणि आजच्या नकाशातली एकच जागा जुळवायच्या खुणा), पण रस्ते तिरके पळतायत. शिवाय आज जिथे स्टेशन आणि बाजार आहे तिथे नकाशात नुसती शेतं! गाव सगळं टेकडीवर. गाव हललं का? दुसरं, आमचा भाग ईस्टकॉट. ईस्ट म्हणजे पूर्व ना? पण तो जुन्या गावाच्या वायव्येला आहे. कुणीतरी पटकन सांगा.

तळटीप
गाव कुठलं? देश इंग्लंड असावा एवढं कळलं.

ओलसर_उन्हाळा
अहो स्विंडन! प्रोफाइलमध्ये आहे की.

तळटीप
प्रोफाइल कोण उघडून बघतं? आणि नकाशा कुणाचा?

ओलसर_उन्हाळा
विल्टशर परगण्याचा. खाली अँड्र्यूज आणि ड्युरी असं काहीतरी लिहिलंय.

हेमाडपंती
क्यूजीआयएस मी रोज वापरतो म्हणून सांगतो. दोन पिनांनी काही होत नाही. किमान सहा घ्या, सगळीकडे पसरून, आणि पॉलिनोमियल २ लावा, म्हणजे नकाशा वाकवून पिनांवर बसवायचं गणित. प्रोजेक्शन ब्रिटिश नॅशनल ग्रिड, कोड २७७००. हे केलंत की झालं.

जुनी_पायवाट
काहीही झालं नाही, हेमाडपंती. हा नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याच्या आधीचा आहे. मैलाला दोन इंच, आणि मोजणी आजच्यासारखी नेटकी नव्हे. पॉलिनोमियल लावून रबर ताणल्यासारखा ताणाल आणि जी चूक नकाशात आहे ती लपवाल. असा नकाशा वाचायचा असतो, चिकटवायचा नसतो. बूट घाला आणि टेकडी चढा.

हेमाडपंती
बूट घालून मुलांना प्रोजेक्टरवर काय दाखवणार? धागाकर्त्याने बसवायचा कसा ते विचारलंय.

भुसावळकर_इन_यूके
गाव हललं नाही हो, दुसरं जन्माला आलं! ग्रेट वेस्टर्न रेल्वेने टेकडीखाली इंजिनांचा कारखाना काढला, आणि मग घरं, दुकानं, सगळंच. आमच्याकडे म्हणतात रेल्वेचा अभियंता ब्रुनेलने सँडविच फेकलं आणि ते पडलं तिथे कारखाना झाला.

जुनी_पायवाट
सँडविच ही गोष्ट ऐकायला छान. जागा सुचवली रेल्वेच्या इंजिनांचं काम बघणाऱ्या डॅनियल गूचने, सप्टेंबर १८४० मध्ये ब्रुनेलला पत्र लिहून. चेल्टनमचा फाटा तिथूनच निघणार होता, आणि लंडनकडचा चढ सोपा तर पश्चिमेकडचा कठीण, त्यामुळे इंजिन तिथे बदलणं सोयीचं. कालवा आधीपासून होताच. कारखाना सुरू झाला १८४३ च्या जानेवारीत. १७७३ चा माणूस तिथे शेतंच काढणार, बिचारा दुसरं काय काढेल? जुनं आणि नवं अशी दोन गावं बराच काळ वेगळी होती, एक झाली ती १९०० साली.

कामगारांसाठी बांधलेल्या रेल्वे व्हिलेजमधल्या गल्ल्यांची नावं मुलांना नक्की वाचायला लावा: ब्रिस्टल, एक्झेटर, टॉन्टन, लंडन, ऑक्सफर्ड, रेडिंग, फॅरिंग्डन. गाडी कुठे जाते ते भिंतीवरच लिहून ठेवलंय.

माळीण_माउली
रच्याकने, स्विंडनमध्ये दोन बेडरूमचं भाडं किती चाललंय सध्या? भाच्याची बदली होतेय.

ओलसर_उन्हाळा
ताई, वेगळा धागा काढा ना प्लीज. ईस्टकॉटचं राहिलंच आहे.

शब्दवेल्हाळ
टन, टाउन, टुन सगळं एकच. स्विंडनमध्येही शेवटी टन आहेच. म्हणजे स्वीन नावाच्या डॅनिश सरदाराचं गाव.

तळटीप
अहो, टन नाही, डन. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जमीन-नोंदवहीत, सुइन्दुने असं लिहिलंय. दुन म्हणजे टेकडी, आधीचा भाग डुकरं. डुकरांची टेकडी. सरदार कुठून आणलात?

शब्दवेल्हाळ
एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. आणि डुकरांची टेकडी हे लोकांनी हसण्यासाठी जोडलेलं वाटतं.

तळटीप
जुनं पुस्तक म्हणजे खरं पुस्तक नव्हे. आजच्या स्पेलिंगवरून अंदाज बांधायचा नाही, सर्वांत जुनी नोंद शोधायची. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचा विल्टशरचा खंड १९३९ पासून ग्रंथालयांत आहे, त्यात नोंदी कालक्रमाने दिलेल्या असतात. एक मासला: शेजारच्या रॉटनचं नाव नदीवरून, पण त्या नदीला आज म्हणतात रे. जुनं नाव होतं वॉर्फ. नदीचं नाव गेलं, गावात मात्र राहिलं. असली गोष्ट मुलांना आवडते.

शेजारच्या स्ट्रॅटनच्या नावातही सरळ रोमन रस्ताच आहे. एर्मिन स्ट्रीट हा रोमन रस्ता जवळूनच जातो.

हेमाडपंती
ईस्टकॉट, वेस्टकॉट म्हणजे आपल्याकडचं खुर्द आणि बुद्रुक.

जुनी_पायवाट
छे! खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठं. ती आकाराची जोडी, ही दिशेची.

हेमाडपंती
जोडी ती जोडी. आमच्या गावचं खुर्द आज बुद्रुकापेक्षा मोठं झालंय, मग?

भुसावळकर_इन_यूके
धाग्याचा काश्मीर करू नका. ओलसर भाऊ, तुम्ही ईस्टकॉटची दिशा जुन्या गावावरून मोजताय. नाव देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेस्टकॉट असणार. आजच्या नकाशात वेस्टकॉट प्लेस शोधा, तुमचा भाग त्याच्या पूर्वेलाच येतो. कॉट म्हणजे झोपडी, साधं घर.

ओलसर_उन्हाळा
हे पटलं! आता तिरकेपणाचं बघा.

तळटीप
दोन पिना कुठे मारल्या ते अजून सांगितलं नाहीत.

ओलसर_उन्हाळा
एक चौकात. दुसरी टेकडीवरच्या चर्चवर. नकाशातही चर्च आहे, वरच दिसतंय, उंच मनोऱ्याचं. क्राइस्ट चर्च.

जुनी_पायवाट
क्राइस्ट चर्च १८५१ चं आहे! नकाशा १७७३ चा. त्या नकाशातलं चर्च म्हणजे होली रूड. नवं चर्च आल्यावर ते पाडलं, आज लॉन पार्कमध्ये त्याचा फक्त पूर्वेकडचा भाग, चॅन्सेल, उभा आहे. ती पिन तिथे हलवा. मग तिसरी आणि चौथी पिन आसपासच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चांवर मारा. जुन्या नकाशात चर्च बहुधा नीट जागी असतं, वळणावळणाचा रस्ता मात्र हाताने ओढलेला.

हेमाडपंती
म्हणजे पिनाच हव्यात. मी तेच म्हणत होतो.

तळटीप
पॉलिनोमियल २ नको, पहिला पुरे. पिना कमी असताना दुसरा लावलात तर कडा वेड्यावाकड्या होतात.

मधला टप्पाही दाखवा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशे फुकट आहेत, आजच्या नकाशाशेजारी सरकवूनही बघता येतात. त्यात कालवा दिसेल. हा विल्ट्स अँड बर्क्स कालवा १९१४ मध्ये कायद्याने बंद झाला, म्हणून आज नाही. कॅनल वॉक हे नाव उरलं. ब्रिज स्ट्रीटवर पूल का नाही, हे मुलांनाच विचारा.

शब्दवेल्हाळ
स्वीनचा संदर्भ सापडला की टाकतो.

ओलसर_उन्हाळा
पिन हलवली. रस्ते बरेच बसले, शेजारच्या वॅनबरो गावाकडे अजून थोडे सुटतात पण चालेल. धन्स सगळ्यांना. आणखी काही बघायचं असेल तर शनिवारी कुठे जाऊ? लंडनला जायला वेळ नाही.

जुनी_पायवाट
लंडन कशाला! हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा संस्थेचं अभिलेखागार स्विंडनमध्येच आहे, जुन्या रेल्वे कारखान्याच्या आवारात. विमानातून काढलेले फोटो तिथे ढिगाने आहेत. पण आधी विचारून वेळ ठरवा, शनिवारी उघडं असेल असं धरून जाऊ नका. टाइथ नकाशे म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतरचे शेतजमिनीचे तपशीलवार नकाशे. ते चिपनमच्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरला. त्यांच्यासोबतच्या यादीत बहुधा शेतांची नावं असतात. रविवारपर्यंत मात्र ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागावरच भागवा.

ओलसर_उन्हाळा
लॉन पार्कमधला तो भाग मुलांना आत जाऊन बघता येतो का?

भुसावळकर_इन_यूके
मी गेलो तेव्हा कुलूप होतं. बाहेरून दिसतो. स्ट्रॉलर नेणार असाल तर चढाचा विचार करा.

माळीण_माउली
भाड्याचं कुणी सांगितलंच नाही.