मदत हवी आहे : हार्टलिबच्या कागदांत किमया आणि पतपैसा एकत्र कुठे सापडेल?

१६५० च्या सुमारास लंडनमध्ये राहून दूरदूरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करणाऱ्या सॅम्युअल हार्टलिबभोवती जमलेल्या मंडळींवर टिपण लिहितोय. सोनं बनवू पाहणारा जॉर्ज स्टार्की, पुढे 'राजकीय अंकगणित' (आकड्यांच्या आधारे राज्यकारभाराचा विचार) मांडणारा विल्यम पेटी आणि जमिनीच्या तारणावर हुंड्या काढून पैसा वाढवा म्हणणारा विल्यम पॉटर, सगळे याच वर्तुळात. परीस मिळेना म्हणून पतपैसा, म्हणजे सोन्याऐवजी विश्वासावर चालणारा पैसा, आला, असं एक मत आहे. वाचायला झकास, पण ओळखीपाळखीवरून प्रभाव सिद्ध होत नाही. मला कागद हवा.

शेफील्ड विद्यापीठातले हार्टलिबचे कागद लिप्यंतरासह ऑनलाइन मोफत आहेत, तिथे शोधून झालंय. 'बँक' टाकलं की नदीचे काठही येतात. स्पेलिंग एकसारखं नसल्याने 'एलिक्सिर' (धातूचं सोनं करणारं रसायन) या शब्दाची निम्मी रूपं निसटत असणार. तारखांचा घोळ वेगळाच: तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १६४९ लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने १६५० चं असू शकतं. पॉटरचं ही योजना मांडणारं पुस्तक १६५० चंच, म्हणजे आधी-नंतर ठरवताना हेच नडतं.

न्यूटनची टांकसाळीतली नोकरी नको, तो १६९६ नंतरचा विषय. लॅटिन येत नाही, मूळ हस्ताक्षरही वाचता येत नाही. इंग्रजी लिप्यंतर चालेल.

हार्टलिबला पत्रं लिहिणाऱ्या चेनी कल्पेपरला किमया आणि पतपैसा दोन्हींत रस होता, म्हणून त्याच्या पत्रांपासून सुरुवात करणार आहे. धातूंचं रूपांतर आणि पॉटरची योजना एकाच पत्रात येते, असं त्याचं किंवा दुसऱ्या कुणाचं पत्र माहीत आहे का? आणि शोधताना कोणती जुनी स्पेलिंग टाकावीत?