मदत हवी आहे: ओलोत ते जिरोना, सायकली जिरोनाहून वर ओलोतला कशा न्यायच्या?

ऑक्टोबरमध्ये बायको आणि मी स्पेनला जिरोनात असू, तिथली ओलोत ते जिरोना ग्रीनवे (गाड्यांपासून वेगळी सायकल-पायवाट) करायचीय, जुन्या नॅरोगेज रेल्वेचा मार्ग, साधारण ५४ किमी, बराचसा बारीक खडीचा. बायकोला मागून गाडी आली की हँडल सोडावंसं वाटतं, त्यामुळे मेन रोडने जाणं बादच. सुरुवात ओलोतवरूनच हवी, कारण सुरुवातीची खिंड चढली की पुढे जवळजवळ उतारच आहे. ओलोतला रेल्वे नाही, बसवाल्यांना मेल केला पण उत्तर नाही. सायकली जिरोनातच भाड्याने घेणार, टायर ३८ मिमी रुंदीचे, सामान छोट्या बॅगांपुरतं. कोणी केलंय का? बसच्या डिकीत पुढचं चाक काढून दोन सायकली घेतात, की सायकली नेणारी शटल गाडी आधीच बुक करावी लागते?