१४ वर्षांखालील फुटबॉल संघाचा गोलकीपर निवडताना आधी हात बघावेत की पाय?

चौकट_सांभाळा
निवड चाचणीत हल्ली एक खूळ शिरलंय. गोलकीपर म्हणून आलेल्या मुलाला आधी पास मारायला लावतात. दोन्ही पायांनी वीस मीटरवर चेंडू नीट गेला की त्याचं नाव यादीत, आणि त्याला क्रॉस (कडेवरून गोलसमोर उंच मारलेला चेंडू) पकडता येतो का हे बघायचं राहूनच जातं. माझं मत स्पष्ट आहे. या वयात निवड हातांवर आणि पावलांच्या ठेवणीवर व्हावी, पासवर नाही.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की समोरच्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी कीपर स्थिर आहे का. पाय खांद्यांइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, हात शरीराच्या पुढे. या वयातले कितीतरी गोल सूर कमी पडल्यामुळे होत नाहीत. शॉट बसला तेव्हा पोरगं हवेत उडी घेत असतं किंवा मागे सरकत असतं, म्हणून होतात. पाय जमिनीवर नसले तर ढकलणार कशाने?

मग झेल. छातीच्या वरचा चेंडू घेताना अंगठे जवळ, बोटं पसरलेली. कमरेखालचा घेताना करंगळ्या जवळ. सूर मारताना चेंडूच्या बाजूचा पाय तिरका पुढे पडला पाहिजे. तो मागे पडला की हात लागूनही चेंडू आत जातो. उतरायचं कुशीवर. कोपर आधी आपटलं की धरलेला चेंडू सुटतो. आणि धरता येत नसेल तर चेंडू बाजूला काढायचा, समोर नाही.

पायांचा एवढा आग्रह धरणाऱ्यांनी प्रशिक्षक ग्वार्डिओलाकडेच बघावं. २०१६ मध्ये मँचेस्टर सिटी क्लबात आल्या आल्या त्याने तिथला कीपर जो हार्ट याला बाजूला केलं, कारण त्याला पायाने खेळणारा कीपर हवा होता. त्याच सिटीने २०२५ मध्ये कीपर डोनारुम्माला घेतलं. त्याची ख्याती पासिंगची नाही, शॉट अडवण्याची आहे.

मागून_बांधणी
साफ असहमत. डोनारुम्माचं उदाहरण अर्धंच दिलंत. त्याच उन्हाळ्यात पॅरिस सेंट-जर्मेन क्लबाने त्याला सोडलं, तेही त्याच्यासोबत चॅम्पियन्स लीग ही युरोपातली क्लब स्पर्धा जिंकून काही महिने झाले असताना. तिथला प्रशिक्षक लुईस एन्रिके याला वेगळ्या धाटणीचा कीपर हवा होता. म्हणजे युरोप जिंकून देणारे हातसुद्धा त्याला पुरेसे वाटले नाहीत.

कीपरचं काम नियमांनीच बदललंय. १९९२ पासून आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेता येत नाही. २०१९ पासून गोल किक डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही, स्टॉपर (मधला बचावपटू) डीच्या आतच चेंडू घेतो. आज वरच्या पातळीवरच्या सामन्यात कीपर चेंडूला हातापेक्षा पायाने जास्त वेळा स्पर्श करतो. ज्याचा डावा पाय लाकडासारखा आहे त्याला प्रतिस्पर्धी स्ट्रायकर उजवीकडून दाबतो, की झालं, चेंडू आउट.

आणि हे 'नंतर शिकवू' म्हणून येत नाही. बॅक पास (आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू) घ्यायला कीपरने गोलच्या चौकटीबाहेर, खांबाच्या पलीकडे उभं राहायचं, म्हणजे चेंडू हुकला तरी कॉर्नर जातो, गोल होत नाही. शरीर अर्धं उघडं ठेवायचं, चेंडू अंगावरून पलीकडे जाऊ द्यायचा, दाबणाऱ्यापासून लांबच्या पायाने घ्यायचा आणि दुसऱ्याच स्पर्शाला सोडायचा. ही सवय अंगात मुरायला वर्षं लागतात. सोळाव्या वर्षी सुरू केली तर मुलगा चेंडूकडेच बघत राहतो, मान वर होतच नाही.

मुरूम_मैदान
दोघांनीही मैदान बघून बोलावं. आपल्याकडे या वयातले बरेच सामने मुरमाच्या किंवा उखडलेल्या गवताच्या मैदानावर होतात. तिथे डीच्या आत स्टॉपरला आखूड गोल किक दिली की चेंडू एका खड्ड्यावर उसळतो, स्टॉपर तो गुडघ्याने ट्रॅप करतो, आणि विरोधी स्ट्रायकर दहा पावलांवर असतो. यात कीपरचा पास चुकलेला नसतो. असल्या जमिनीवर पासची परीक्षा घेऊन मुलं गाळू नका.

तिसरा मार्ग कुणी शिकवतच नाही: हाताने फेकणं. पंधरा मीटरपर्यंत खालून सरपटी, गुडघा वाकवून, चेंडू जमिनीलगत सोडायचा. उंचावरून सोडला तर पहिल्याच टप्प्याला उसळतो. त्यापुढे खांद्यावरून, कडेने धावत्या विंगरच्या पुढ्यात. खराब मैदानावर हा चेंडू लाथेपेक्षा कितीतरी अचूक पडतो. शिवाय २०२५-२६ पासूनच्या नियमानुसार कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. झेल घेतल्यावर दोन सेकंदांत मान वर करून कोण मोकळा आहे हे बघणारा मुलगा मला वीस मीटरच्या पासपेक्षा मोलाचा वाटतो.

सहा_नंबर
कीपरच्या पासवर एवढा खल चाललाय, पण पास घेणाऱ्याचं काय? मागून खेळ अडतो तो बहुतेक वेळा स्टॉपरच्या पुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरमुळे.

त्याचं पहिलं कौशल्य मानेत असतं. चेंडू त्याच्याकडे निघण्याआधी एकदा आणि वाटेत असताना एकदा, खांद्यावरून मागे नजर. मागे माणूस असेल तर एका स्पर्शात परत द्यायचा, नसेल तर अर्धं वळून पुढच्या पायाकडे घ्यायचा. बार्सिलोनाचा मिडफिल्डर बुस्केट्स याच्याकडे वेग नव्हता, ताकदही बेताची होती, पण चेंडू येण्याआधी त्याचं उत्तर तयार असायचं. आपल्याकडे या जागेवर संघातला सगळ्यात धिप्पाड, टॅकल मारणारा मुलगा उभा करतात. तो कीपरकडे तोंड आणि विरोधी गोलकडे पाठ करून, दोन्ही पाय जुळवून चेंडू मागतो. मग कीपर कितीही गुणी असू दे, लांब लाथच मारणार.

उजवा_बॅक
सहा_नंबर यांचा मानेचा मुद्दा मान्य, पण पासिंगच्या नादात स्टॉपरही पासवरच निवडू लागलेत, तिथे माझा कडाडून विरोध आहे. स्टॉपरला आधी अडवता आलं पाहिजे. समोरून ड्रिबल करत येणाऱ्यापुढे छाती सरळ ठेवून उभा राहिला की दोन्ही बाजू उघड्या, वर चेंडू पायांमधून जातो. अंग तिरकं हवं, एक पाय मागे, साधारण हातभर अंतर, आणि त्याला साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. पाय कधी घालायचा? चेंडू त्याच्या पायापासून सुटतो तेव्हाच. आधी घातला की तुम्ही खाली बसलेले आणि तो पुढे.

उंचीचंही तेच. १.७४ मीटरचा मास्चेरानो मूळचा मिडफिल्डर, पण बार्सिलोनात वर्षानुवर्षं स्टॉपर खेळला, कारण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं आणि टॅकल वेळेवर बसायचा.

मागून_बांधणी
मास्चेरानोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! मिडफिल्डर असल्यामुळे त्याला मागून पास देता येत होता, म्हणून तर तो त्या संघात तिथे चालला.

उजवा_बॅक
पास येणारे मिडफिल्डर त्या संघात बरेच होते. मागे उभा केला तो अडवता येणाऱ्यालाच.

चौकट_सांभाळा
मुरूम_मैदान यांचं फेकणं मी हातांच्याच खात्यात धरतो, त्यामुळे माझं पारडं जड झालं. मागून_बांधणी, चौकटीबाहेर उभं राहण्याचा मुद्दा शंभर टक्के पटला, तो पहिल्याच आठवड्यात शिकवावा. पण निवडीचा क्रम मी बदलणार नाही. कच्चा पाय सुधारतो, हवेतल्या चेंडूची भीती सहज जात नाही. क्रॉसला निघताना जो मुलगा डोळे मिटतो किंवा गोलरेषेलाच चिकटून राहतो, त्याचे पास घेऊन मी काय करू?

चाचणी अशी घ्या. प्रत्येकाला १२ चेंडू: चार जमिनीलगतचे शॉट, चार दोन्ही बाजूंचे क्रॉस, दोन समोरासमोर (एकटा स्ट्रायकर चालून येतो ते), दोन बॅक पास. क्रॉसच्या वेळी डीत दोन मुलं उभी करा, रिकाम्या डीत सगळेच शूर असतात. एका पायावर उडी, समोरच्याकडचा गुडघा वर, झेल डोक्याच्या पुढे, हे तिथेच कळतं.

मागून_बांधणी
बॅक पास दोनच? किमान चार ठेवा, त्यातले दोन डाव्या पायाकडे आणि अंगावर धावून येणाऱ्या एका मुलासह. शॉट दोन कमी करा.

चौकट_सांभाळा
शॉट कमी होणार नाहीत. चेंडू १४ करू.