फुकटच्या खिचडीने आळशी झालेले पालक मला दाखवाच

चुलीपाशी:
परवापासून एका साहेबांची पोस्ट फिरतेय. "सरकारने शिकवावं, जेवू घालणं आईबापाचं काम. फुकटच्या खिचडीने पालक आळशी झालेत आणि शाळेचं अन्नछत्र झालंय." दोन दिवस गिळून बसले, आता नाही बसवत. लांब होईल, वाचायचं तर वाचा.

माझी आई अकरा वर्षं झेडपीच्या शाळेत खिचडी करायची. कागदोपत्री मदतनीस. पट ११२, लहान पोरांना माणशी १०० ग्रॅम तांदूळ हे माप ठरलेलं, पण आई शनिवारी हात आखडायची आणि सोमवारी सोडायची. शनिवारी पोरं कढीपत्ता वेचून कडेला लावायची, मिरची काढ, वाटाणा काढ, नुसते नखरे. सोमवारी तीच पोरं ताट पुसून तिसऱ्यांदा रांगेत. मधे फक्त एक रविवार गेलेला असायचा. हेडमास्तरांना माहीत होतं, महिनाअखेर बेरीज जुळली की ते बघायचे नाहीत.

आणि आळशी कोण हो? आमच्याकडे दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला. पोरं आजीजवळ. पहाटे चारला थंडीत उसाच्या फडात उभं राहणाऱ्या बाईने दुपारी पोराला गरम कसं वाढायचं ते साहेबांनी एकदा समजावून सांगावं.

करदाता:
पोस्ट माझी नाही पण मला पटली, तेव्हा शिव्या मला घातल्या तरी चालतील. १९९५ ला शाळेतल्या जेवणाची योजना आली, तीस वर्षं झाली, गरिबी हटली का? आम्हीपण काही गर्भश्रीमंत नव्हतो. आई भाकरीत ठेचा गुंडाळून द्यायची, चार किलोमीटर पायी शाळा, कुणापुढे ताट धरलं नाही. आता घरोघरी फोन आहे, दारात मोटरसायकल आहे आणि पोराच्या जेवणाला मात्र सरकार. द्यायचेच असतील तर आईच्या खात्यात रोख द्या, हा भांड्याकुंड्यांचा संसार शाळेत कशाला?

हिशेबनीस:
१९९५ ला शिजवलेलं कुठे मिळत होतं? महिन्याला ३ किलो धान्य पिशवीत घालून घरी, तेही ८० टक्के हजेरी भरली तर. शाळेत शिजवूनच द्या हे सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं, आणि त्यानंतरही राज्यं चालढकल करत बसली. घरी धान्य द्यायचा तुमचा प्रयोग झालाय करून. ते घरातल्या डब्यात मिसळतं आणि पाच जणांत वाटलं जातं, रोख रकमेचं वेगळं काय होणार.

खर्चाचं म्हणाल तर मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या पोरामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. यात डाळ, तेल, भाजी, मसाला आणि गॅससुद्धा. तांदूळ तेवढा वेगळा येतो. तुमच्या ऑफिसखालचा चहा केवढ्याला पडतो?

करदाता:
चहा मी माझ्या पैशाने पितो. आणि एवढं सगळं करून एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातली ३५ टक्के मुलं खुजीच, वयाच्या मानाने बुटकी, निघाली ना? मग खिचडी गेली कुठे?

हिशेबनीस:
ती पाच वर्षांखालची मुलं आहेत हो! शाळेत जायच्या आधीची. त्यांच्या खुजेपणाचा जाब खिचडीला विचारताय म्हणजे जेवायच्या आधीच पोट का भरलं नाही असं विचारण्यासारखं आहे. उलट लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढे आया झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांत खुजेपणा कमी दिसला, हे २०२१ साली नेचर कम्युनिकेशन्स या संशोधन नियतकालिकात छापून आलंय. म्हणजे पीक दुसऱ्या पिढीत येतं.

खडूफळा:
तुमचं झालं असेल तर मास्तरला कुणी विचारणार का. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. सकाळी गाडी आली की पोती उतरवून घ्या, वजन करा, पोत्यामागे दीडदोन किलो कमी निघतं त्यावर भांडा, मग साठा रजिस्टर, चव रजिस्टर, जेवलेल्या पोरांचा आकडा मोबाइलवर भरा, रेंज नाही म्हणून टेकाडावर चढा. चव रजिस्टरला हसू नका, २०१३ ला बिहारमध्ये तेलात कीटकनाशक गेलं आणि २३ लेकरं गेली, तेव्हापासून मी पहिला घास खातो तेव्हा खरंच पोटात गोळा येतो. आणि मग अकरा वाजता भागाकार शिकवा.

२०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं आलं. कागदावर दर ५ रुपये. थंडीत दुकानदार ७ च्या खाली येत नाही. तालुक्याहून मोटरसायकलवर दोन ट्रे मांडीत धरून आणायचे (मांडीत म्हणजे मागे बसलेल्या सहकाऱ्याच्या), ओढ्यावरच्या खड्ड्यात चार फुटली की ती आमच्या खिशातून. मी कधी पोरांना अंडं चुकवलं नाही, पण कुणी अन्नछत्र म्हटलं की डोकं फिरतं. अन्नछत्रात मालकाला पुण्य तरी मिळतं.

आणि जानेवारी २०२५ ला सरकारने अंड्याचे पैसेच बंद केले. म्हणे लोकसहभागातून द्या. आमच्या गावात लोकसहभाग म्हणजे मी आणि सरपंचाचा मेव्हणा.

तुळशीवृंदावन:
अंडं बंद झालं ते बरंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा सगळ्यांची असते. माझ्या भाचीच्या शाळेत अंड्याच्या दिवशी तिला वेगळ्या रांगेत बसवायचे, घरी येऊन रडायची. प्रोटीनच हवं तर मटकी आहे, शेंगदाणे आहेत, सोयाबीन आहे. उगाच प्रत्येक गोष्टीत अंडं घुसडायचं कशाला.

रानातला:
ताई, न खाणाऱ्याला केळं होतं की. आणि केळ्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी जळगावातल्या रावेरकडचा, केळीवाला. शाळांनी केळी घ्यायची ठरवली तेव्हा आम्हाला वाटलं चला, दर आठवड्याला खात्रीचं गिऱ्हाईक. कसलं काय! शाळा घेणार किरकोळ दुकानातून डझनावर, आणि इथे व्यापारी बोर्डाचा भाव एक सांगतो आणि घड कापायला आला की दुसरा. वादळात बाग आडवी झाली तर पंचनाम्याला महिना. सरकारने थेट बागेतून घ्यावीत, मधला माणूस काढा, पोरांना रोज केळं परवडेल.

खडूफळा:
भाऊ, बागेतून हिरवी येतात. एकदा आणली होती कच्ची. आठ दिवस ऑफिसात कपाटामागे पिकायला ठेवली, निम्मी उंदरांनी खाल्ली आणि उरलेली सगळी एकाच दिवशी पिकली, तीही रविवारी.

रानातला:
रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली, प्रत्येक तालुक्याला हवं हे मी दहा वर्षं ओरडतोय, पण इथे प्रत्येकाला अंड्यावरच बोलायचंय.

चुलीपाशी:
भाऊ, तुमची केळी थोडी बाजूला ठेवा.

तुळशीवृंदावन ताई, भाचीला वेगळं बसवलं ते चूकच, तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. अंडं खाणारा कोण, न खाणारा कोण हे कळायला ओळखपत्रावर लाल-हिरवा ठिपका लावायची टूम निघाली होती ती तर त्याहून वाईट. पण वेगळं बसणं म्हणजे काय ते आमच्या घराला विचारा. आई लागली त्या वर्षी सात पोरं घरून डबा आणायची. घरात खायला होतं म्हणून नव्हे. का ते मला लिहायला लावू नका, तुम्हाला कळलंय. तिसरीतला एक तर ताट घेऊन यायचा, आईकडे बघायचा आणि परत जायचा. तेव्हा कुणी म्हटलं नाही की शाळा सगळ्यांची असते.

तुळशीवृंदावन:
म्हणजे मी जातीयवादी?? कुठला विषय कुठे नेताय. अंड्यावर बोललं की जात काढायची, हे आता नेहमीचंच झालंय. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई आमच्याच ताटात जेवतात.

चुलीपाशी:
"आमच्याच ताटात." बरं.

तुळशीवृंदावन:
शब्दात पकडायचंच असेल तर माझा नमस्कार.

करदाता:
थांबा जरा, मी इथे खलनायक होतो, माझी जागा का घेताय.

चुलीपाशी, ती सात पोरं नंतर जेवली का?

चुलीपाशी:
पाच जेवली. पाऊस होता, डबे भिजले होते, आई म्हणाली घ्या रे गुपचूप, कुणी सांगणार नाही. मग रोजच घ्यायला लागली. उरलेली दोघं पुढे तालुक्याला इंग्लिश मीडियमला गेली.

मानधनाचं पण ऐका, करदात्यांना बरं वाटेल. महिना १००० रुपये, वर्षातले दहाच महिने, आणि तेही चार-चार महिने थकायचे. एका दिवाळीला आईने किराणावाल्याला सांगितलं, पोरांची खिचडी मी करते, माझी उधारी तू कर. आता २५०० झालेत म्हणे.

हिशेबनीस:
तामिळनाडूत तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ ला शाळेतल्या जेवणाची त्यांची योजना वाढवली तेव्हाही लोक म्हणाले होते की तिजोरी बुडणार. आज तिथे शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडं आहे आणि २०२२ पासून सकाळचा नाश्तासुद्धा. बुडालं का राज्य?

करदाता:
तामिळनाडू, तामिळनाडू. तिकडचं सगळं चांगलं, मग राहायला का जात नाही.

ठीक आहे, पालक आळशी हा शब्द मागे घेतो. माझा नव्हताच, पण मागे घेतो. फडावरच्या बाईचं मला सुचलं नव्हतं. द्या अंडं, माझ्या टॅक्समधून द्या, कुठल्यातरी उद्घाटनाच्या मांडवापेक्षा बरं. पण मास्तरला मोटरसायकलवर ट्रे धरायला लावणारी योजना चांगली असं मला कुणी सांगू नका.

खडूफळा:
हे एक वाक्य लॅमिनेट करून ऑफिसात लावतो.

रानातला:
मास्तर, तुमच्या शाळेला दर बुधवारी दोन फण्या माझ्याकडून. पिकलेल्या. लोकसहभाग समजा. कुठे पाठवू?

खडूफळा:
रावेरहून? गाडीभाडं कुठल्या रजिस्टरला टाकू ते आधी सांगा.