मदत हवी आहे: ऑटोफॅजी वाढवायची की थांबवायची? (घरात पार्किन्सन्सही आहे आणि कर्करोगही)

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा किचकट आहे. जीवशास्त्र किंवा वैद्यकातल्या जाणकारांनी वेळ काढून वाचावा ही विनंती.

सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, सिंडोपा चालू आहे. माझ्या आईचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेत, आता फक्त तपासण्या. शिवाय आमवातासाठी ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'उपवासाच्या शोधाला नोबेल! १६ तास उपाशी राहा, पेशी कर्करोग आणि मेंदूचे विकार स्वतःच खाऊन टाकतात.' सासऱ्यांनी लगेच नाश्ता बंद केला आणि आता आईच्या मागे लागलेत.

मी कॉमर्सवाली, तरी शोधाशोध केली. एका ठिकाणी लिहिलंय की ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचाच खराब झालेला माल मोडून पुन्हा वापरणं) घडवणारं बेक्लिन १ हे प्रथिन गाठ रोखतं. दुसरीकडे वाचलं की कर्करोगात ऑटोफॅजी बंद पाडायच्या चाचण्या चालतात, आणि त्याही आईच्याच गोळीने! मग खरं काय? आईची गोळी मेंदूला घातक आहे का? आणि उपवासाचं काय करू?

पेशीतला_पाहुणा:
पाऊलवाट, दोन्ही ठिकाणी वाचलेलं बरोबर आहे, घोळ फॉरवर्डमध्ये आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी. यीस्टला उपाशी ठेवून त्यांनी ही यंत्रणा चालवणारी जनुकं हुडकली. माणसांनी किती तास उपाशी राहावं, हा त्यांचा विषयच नव्हता.

आधी मेंदू. २००६मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या चेतापेशींतून ऑटोफॅजीला लागणारी एटीजी५ आणि एटीजी७ ही जनुकं काढून टाकली. आजाराचं कुठलंही सदोष प्रथिन बाहेरून घातलं नव्हतं, तरी पेशींत प्रथिनांचे गोळे साठले आणि उंदरांची हालचाल बिघडली. इतर पेशी विभागतात तेव्हा साठलेला माल दोघींत वाटला जातो. चेतापेशीला ती सोय नाही. पार्किन्सन्सशी थेट संबंध असलेली जोडी म्हणजे पिंक १ आणि पार्किन. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागावर) 'हा काढा' अशी खूण करणं हे त्यांचं काम. या जनुकांच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर आजार बहुधा तरुण वयातच सुरू होतो, त्यामुळे सासऱ्यांचा प्रकार वेगळा असण्याचीच शक्यता जास्त.

आता कर्करोग. १९९९मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत बेक्लिन १ परत घातलं की त्यांची वाढ मंदावते. २००३मध्ये या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत गाठी जास्त आढळल्या. झालं, 'गाठ रोखणारं प्रथिन' असा शिक्का बसला. पण माणसात हे जनुक १७व्या गुणसूत्रावर बीआरसीए१च्या (स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या जनुकाच्या) जवळच बसतं. पुढच्या विश्लेषणांतून असं दिसलं की गाठींत तिथला तुकडा गळतो तो मुख्यतः बीआरसीए१पायी, बेक्लिन बिचारं शेजारधर्म म्हणून जातं. हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण मला पटतं.

गाठ एकदा जमली की चित्र पालटतं. आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, मग त्या पेशी कडकी लागलेल्या घरासारख्या वागतात: जुनी भांडी भंगारात घालायची आणि त्यावर महिना काढायचा. रास हे पेशीची वाढ चालवणारं जनुक बिघडलेल्या गाठींना तर ऑटोफॅजीची फारच गरज पडते. म्हणून ती बंद पाडायच्या चाचण्या.

तुमच्या घरासाठी सगळ्यात बोलका प्रयोग २०१४चा. फुप्फुसात कर्करोग असलेल्या प्रौढ उंदरांच्या अख्ख्या शरीरातून एटीजी७ काढलं. गाठी आक्रसल्या. पण हे जनुक काढलेले उंदीर दोन-तीन महिन्यांत मेंदूच्या ऱ्हासाने गेले, आणि ज्यांना उपाशी ठेवलं ते रक्तातली साखर कोसळून त्याआधीच.

नाडीपरीक्षक:
वर उत्तम लिहिलंय. मी फक्त औषधांचं बोलतो.

आईची गोळी बंद करू नका. आमवातात रोज साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम देतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या एका चाचणीत केमोबरोबर रोज १२०० दिली होती, आणि तरीही वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण वाढलं नाही. आईच्या मात्रेवरून मेंदूची चिंता करण्याचं कारण मला दिसत नाही. डोळ्यांचा पडदा मात्र नेमाने तपासून घ्या, या गोळीचा खरा धोका तिथे आहे.

सासऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. सिंडोपातला लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं एकाच वाटेने शोषली जातात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. दिवसाचं सगळं खाणं आठ तासांत कोंबलं की दुपारच्या गोळ्या डाळ-पनीरच्या गर्दीत सापडतात आणि त्यांचा असर उतरतो. शिवाय या आजारात उभं राहताना बीपी पडतं, वजनही घटतं. त्यात उपास म्हणजे पडण्याला आमंत्रण.

चिंचगुळाची_आमटी:
माझी शुगर मात्र १६ तासांच्या उपासाने छान उतरली हो!

नाडीपरीक्षक:
उतरली असेल, आनंद आहे. पण तुम्ही लेव्होडोपा घेत नाही.

गणपुले_नव्हे:
रॅपामायसिनने पण ऑटोफॅजी वाढते ना? ते दिलं तर?

पेशीतला_पाहुणा:
वाढते. एमटॉर हे प्रथिन ऑटोफॅजीला दाबून ठेवतं आणि रॅपामायसिन एमटॉरला दाबतं. २००४मध्ये हंटिंग्टनच्या (मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराच्या) उंदरांत त्याने प्रथिनांचे गोळे कमी झाले होते. गंमत म्हणजे त्याचंच भावंड एव्हरोलिमस हे कर्करोगाचं औषध आहे, कारण एमटॉर गाठीच्या वाढीलाही खतपाणी घालतो. पण प्रतिकारशक्ती खाली आणणारं औषध आहे, पार्किन्सन्ससाठी कोणी घरगुती प्रयोग करू नये. एएलएसमध्ये (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरतात त्या आजारात) लिथियमने ऑटोफॅजी वाढवून रुग्ण सुधारल्याची बातमी २००८मध्ये आली होती. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही.

पाऊलवाट:
दोघांचेही मनापासून आभार. डाळ-पनीरचा मुद्दा सासऱ्यांना वाचून दाखवला, उद्यापासून नाश्ता सुरू करतो म्हणालेत. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा लिहून नेणार आहे. अजून काय नोंदवू? हात कधी जास्त थरथरतो तेही लिहू का?

नाडीपरीक्षक:
हो. गोळीनंतर किती वेळाने बरं वाटतं आणि तो असर कधी ओसरतो, हेही लिहा. बसून आणि उभं राहून बीपी मोजलंत तर उत्तमच.