मुलीच्या अभियांत्रिकीसाठी शासकीय, विनाअनुदानित की खाजगी विद्यापीठ?

केळीवाला_रावेर:
नमस्कार. माझ्या मुलीने यंदा सीईटी दिली असून तिला संगणक शाखाच हवी आहे. तिच्या पर्सेंटाइलवर जळगावच्या शासकीय महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन आणि एका विनाअनुदानित महाविद्यालयात संगणक शाखा मिळेल असे दिसते. एका खाजगी विद्यापीठाचा माणूस तर घरी येऊन, ओट्यावर चहा घेऊन, ‘आजच पंचवीस हजार भरा, जागा पक्की’ असे सांगून गेला. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. मुलींचे शिक्षण मोफत झाले असे ऐकतो, तर तिन्ही ठिकाणी ते लागू होते का?

निवृत्त_प्राध्यापक_अमळनेर:
भाऊ, ‘खाजगी’ या एका शब्दाखाली आपल्याकडे निरनिराळ्या गोष्टी खपतात. आमचे प्रताप महाविद्यालय 1945 साली खाजगी संस्थेनेच काढले, पण ते अनुदानित असल्याने मान्य पदांचा पगार शासन देते. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली आणि तेथे इमारतीपासून पगारापर्यंतचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आला. मात्र त्यांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि बहुतेक जागा कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, भरल्या जातात. खाजगी विद्यापीठाचा कायदा वेगळा आणि प्रवेशाची पद्धतही त्याची स्वतःची.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. 2024-25 पासूनची मुलींची शंभर टक्के सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांपुरती असून ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांनाच मिळते. व्यवस्थापन कोट्याला, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांना, तसेच खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ती नाही. त्यामुळे ते पंचवीस हजार तूर्त खिशातच ठेवा.

शासकीय वा अनुदानित म्हटले की सगळे उत्तम, असेही मी म्हणणार नाही, कारण अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक निम्मा विभाग ओढतात, हे मी स्वतः विभागप्रमुख असताना सोसले आहे. कुठेही खरी कसोटी शिक्षकांचीच, म्हणून विनाअनुदानित महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वारावरच्या फलकावरील पॅकेजचे आकडे वाचत बसू नका. संगणक विभागात किती पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि त्यांतले किती जण तीन वर्षांहून अधिक काळ टिकले आहेत, ते विचारा. तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठून प्रात्यक्षिके खरोखर होतात की जर्नल उतरवून काढतात, तेही विचारा.

तिसरे_वर्ष_शहादा:
काका, सरांचे बरोबर आहे, पण सवलत मिळते म्हणजे हात मोकळे होतात असे समजू नका. माझ्या महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी पूर्ण शुल्क मागितले आणि ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगितले. बाबांनी कापसाच्या पैशांतून भरले आणि ते परत मिळायला दुसरे सत्र उजाडले. वसतिगृह, मेस आणि बस यांचा खर्च तर आपलाच. नॉन-क्रिमीलेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच हाताशी ठेवा, कारण माझ्या वर्गातल्या दोघींची राखीव जागा केवळ वैधतेअभावी गेली.

केळीवाला_रावेर:
दोघांचेही आभार. वैधतेचा अर्ज अजून केलेलाच नाही, तो उद्याच करतो. इन्स्ट्रुमेंटेशनला मुलगी अजून नाहीच म्हणते, तेव्हा ते विनाअनुदानित महाविद्यालय सोमवारी तिला घेऊनच पाहून येतो.