अनुभव धागा : घरच्यांनी नाव टाकल्यानंतर

गे किंवा लेस्बियन असल्याचं घरी कळलं आणि नाती तुटली, असे अनुभव इथे लिहा. हाकलूनच दिलेलं असायला हवं असं नाही. पत्रिकेतून नाव गाळलं, बारशाला बोलावलं नाही, तेही लिहा. भावंडांनी, आईवडिलांनीही लिहावं. स्वतःचं नाव-गाव देऊ नका, दुसऱ्याचं तर नकोच. 'हा आजार आहे का' यावर चर्चा नको. नाही, हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्येच सांगून टाकलंय. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून वगळले.

स्लोलोकल
वडिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली. मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्याशी आमचा संबंध राहिलेला नाही, वगैरे. शेजारच्या रकान्यात कुणाचं तरी शेअर सर्टिफिकेट हरवल्याची नोटीस. कात्रण चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, खाली 'सॉरी रे'. 2006 साली गुजरातमधल्या राजपिपळ्याच्या राजघराण्यातही गे मुलाला बेदखल केल्याची अशीच जाहिरात आली होती, म्हणजे मी निदान राजांच्या पंगतीत.
वकील म्हणाले, अशा नोटिशीने वडिलोपार्जित मिळकतीतला जन्माने मिळालेला हिस्सा जात नाही. स्वकष्टार्जित मात्र ते मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात. हिस्सा कुणाला हवाय? वडिलांना काही झालं तर मला कळवणार कोण, हे वकिलाला विचारता येत नाही.

मधली
माझ्या लग्नाच्या पत्रिकेत दादाचं नाव नव्हतं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून खाली आत्याच्या नातवंडांपर्यंत सगळं गोत छापलं, तो नाही. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला, लाह्या घालायलाही तोच. गुरुजींनी विचारलं, 'सख्खा भाऊ नाही का?' आई म्हणाली, 'परदेशी असतो.' दादा तेव्हा ठाण्यात होता.
मुलाच्या जावळाला मात्र मी अडून बसले. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवूनच जावळ काढतात, आणि मामा एकच आहे. सासूबाईंची मला सगळ्यात धास्ती होती. त्या म्हणाल्या, 'मामा असताना दुसऱ्याची मांडी कशाला?' त्यांना सगळं माहीत होतं. बाबा आले नाहीत. आई आली, दादाशी बोलली नाही, पण पंगतीत त्याच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून गेली. दादाचा जोडीदार फोटो काढत होता, त्यामुळे तो एकाही फोटोत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रानजाई
मुलींचं वेगळं असतं हो. मुलाला घराबाहेर काढतात, मुलीला घरात कोंडतात. फोन काढून घेतला, नोकरी सोडायला लावली, लगेच स्थळ आणलं. मैत्रिणीकडे निघून गेले तर बेपत्ता असल्याची तक्रार. सज्ञान आहे, मर्जीने गेले, असा जबाब मी दिला तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, 'मेलीस आम्हाला.'
मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अशीच अडकवून ठेवलेली मुलगी सोडवली. लग्न हा कुटुंब होण्याचा एकमेव मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही असतं, असं निकालात म्हटलंय. आमचं म्हणाल तर आम्ही ज्या काकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या संक्रांतीला दोघींनाही वाण देतात. विचारलं कधीच नाही त्यांनी.

फक्त_वाचक
आमच्याकडे कुणी काही बोललंच नाही. मी जेवायला बसलो की टीव्हीचा आवाज वाढतो. हे इथे चालेल का?

नाशिककर_बाप
मी दुसऱ्या बाजूचा. 'या घरात पाऊल टाकू नकोस' हे मुलाला मीच म्हणालो. तो आजारी नाही हे डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. तरी मला अजून पटलेलं नाही, खोटं कशाला लिहू? धाकटीचं लग्न व्हायचंय, भावकी मोठी आहे. याला कुणी बहाणे म्हणेल. म्हणणाऱ्याने आमच्या गल्लीत राहून बघावं. मुलाची आई गच्चीवर जाऊन त्याच्याशी बोलते. मला कळत नाही असं तिला वाटतं.

धागाकर्ती
काका, लिहिलंत ते बरं केलंत. बहाणे म्हणणाऱ्यांना मी आवरते. पण धाकटीची पत्रिका छापायला देण्याआधी वरचा 'मधली'चा प्रतिसाद पुन्हा वाचा.

वॉर्डाबाहेर
जोडीदाराचं ऑपरेशन होतं. फॉर्मवर 'नातं' या रकान्यात 'मित्र' लिहिलं, तर सहीसाठी रक्ताचं माणूस आणा म्हणाले. वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ गावाहून आला, सही करून संध्याकाळच्या एसटीने परत गेला. रात्री उशाशी मीच.
17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा कागद आपणच जमवायचे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र कराच, नाहीतर ज्यांनी नाव टाकलं तेच उद्या वारस म्हणून दारात येतात.

धागाकर्ती
मदत कुठे मिळेल असं व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारणाऱ्यांसाठी : मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे, 1994 पासून. पुण्यात समपथिक ट्रस्ट. आईवडिलांचा स्वतःचा गट आहे 'स्वीकार' नावाचा. आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या असं पत्र 2023 मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलं होतं, चारशेहून जास्त पालकांच्या वतीने.

नाशिककर_बाप
त्या गटात आयाच असतात की बापही?

धागाकर्ती
बापही असतात, काका. व्यनि केलाय, बघा.